बेल टाकायची गॅलरी

पहिल्या दिवशी मी वर्गात फोमचा तुकडा काढते. गादीत घालतात तसला, हातभर लांब, बाजूला स्केचपेनने उभ्या रेघा मारलेला. दोन टोकांना दोन विटा, त्यांच्यावर हा फोम आणि मधोमध माझी मूठ. मूठ दाबली की फोम वाकतो. वरच्या अंगाला रेघा जवळ येतात, खालच्या अंगाला फाकतात.

"वर काय व्हायलंय?"

"दबायलंय."

"अन् खाली?"

"ताणायलंय."

मग मी सांगते की काँक्रीट दाबाला पक्कं असतं, बैलासारखं. कितीही ओझं ठेवा, कुरकुरत नाही. पण कुणी ताणलं की ते अंग टाकतं. ताण सोसायचं काम लोखंडाचं. जिथे ताण, तिथे सळई. "मग स्लॅबात सळई कुठं?" असं विचारलं की सगळी शेड एका आवाजात म्हणते, "खाली."

हे मी चांगलं शिकवते. उगाच लाजायचं कशाला? डिप्लोमा करून मी परभणीत तीन बिल्डरांकडे नोकऱ्या केल्या, तिघांशीही भांडले आणि शेवटी जिंतूरच्या या प्रशिक्षण केंद्रात आले. केंद्र म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची पत्र्याची शेड. योजनेतून आम्हाला प्रोजेक्टर मिळाला आहे, आणि तो लावला की फ्यूज उडतो. हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आहे. सिमेंट हाताळलेल्या बोटांचे ठसे त्यावर उमटत नाहीत, म्हणून जो खरं काम करतो तोच गैरहजर लागतो. अशा ठिकाणी फोमचा तुकडा बरा, त्याला वीज लागत नाही.

ज्ञानेश्वरी त्या वर्गात मागे बसायची आणि सगळ्यांबरोबर ओरडायची नाही. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "मॅडम, लोखंड एवढं ताकदीचं हाय, तर मंग काँक्रीट टाकायचंच कशाला?" असा प्रश्न आला की मला जेवल्यासारखं वाटतं. चोविसेक वर्षांची असेल ती, चारठाण्याजवळच्या एका वस्तीवरची. लग्न झाल्यापासून दर हंगामाला नवऱ्याबरोबर, व्यंकटीबरोबर, ऊसतोडीला जात आलेली. आमच्या भागात कोयता म्हणजे जोडी. एकट्या माणसाला मुकादम गाडीत घेत नाही. यंदा ती थांबली आणि तिच्या जागी सासू गेली. झुंबरबाई साठीला टेकलेली बाई. "माझं हाड अजून एक हंगाम काढतंय," ती सुनेला म्हणाली होती, "तू शीक, अन् पोरीला अंगणवाडीत घाल."

पोरगी म्हणजे वैष्णवी. पाचवं संपत आलेलं. तिचा प्रत्येक हिवाळा उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत गेलेला. ज्ञानेश्वरीला कोर्समधून काय पाहिजे होतं, ते तिने मला पहिल्याच महिन्यात सरळ सांगून टाकलं होतं. सळई बांधायचं काम बारमाही मिळावं, म्हणजे पुन्हा कोयत्याला जावं लागणार नाही आणि पोरगी एका शाळेत राहील. बाकी सर्टिफिकेट, कोर्सचा ॲप्रन, डोक्यावरची पिवळी टोपी यांचं तिला काही नव्हतं.

दसऱ्यानंतर वर्ग निम्मा झाला. दिवाळी झाली आणि उरलेला निम्माही ट्रकमध्ये बसून गेला. मशीनवर पुरेसे अंगठे लागेनात, तेव्हा वरून निरोप आला की कोर्स स्थगित करा, मार्चमध्ये उरलेला भाग घ्या. हा अभ्यासक्रम ज्याने लावला त्याने जन्मात ऊसतोडीचा ट्रक पाहिला नसणार. पहिल्या भागात भिंत, पाया, तुळई, स्लॅब. दुसऱ्या भागात जिना, छज्जा, गॅलरी, टाकी. मधल्या काळात अर्धं शिकलेली माणसं काय करतील, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. ती कामाला लागतात, दुसरं काय करणार?

ज्ञानेश्वरी आश्रुबा मिस्त्रीकडे कामाला लागली. चारठाण्यात मन्मथअप्पांच्या नव्या घराचं बांधकाम चाललं होतं. खाली कापडाचं दुकान, वर राहायचं घर आणि रस्त्यावर पुढे काढलेली चार फुटी गॅलरी.

या गॅलरीला कारण होतं. मन्मथअप्पा लिंगायत, आणि मीही लिंगायतच. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं निजवत नाहीत. न्हाऊ घालून, भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन बसवतात आणि बसलेलंच डोलीतून नेतात. एवढं सगळ्यांचं सारखं. मन्मथअप्पांच्या घराण्याची मात्र एक जास्तीची रीत होती. घरातून डोली उठली की घरच्या सगळ्या लेकी-सुनांनी वरून तिच्यावर बेलाची पानं टाकायची. जुन्या घराला सागवानी सज्जा होता. अप्पांच्या आई चन्नबसम्मा, ज्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं, त्यांनी तिथूनच आपल्या सासूवर बेल टाकला होता. म्हणून नवं घर बांधताना अव्वांचं एकच म्हणणं होतं. बाकी काही करा, पण रस्त्याकडे गॅलरी पाहिजे, माझ्यावर बेल कुठून टाकाल?

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी जिंतुरात रिकाम्या शेडमध्ये बसून अहवाल लिहीत होते.

गुढीपाडव्याच्या सुमाराला पोरं परत आली आणि वर्ग पुन्हा भरला. झुंबरबाईही आली होती, पण कंबर घेऊन नाही. भाऱ्याखाली घसरली आणि उठायची बंद झाली. आता ती घरात धरून धरून चालायची. हंगामाला ती पुन्हा जाणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

गॅलरीचा धडा मी हातावर शिकवते. बजरंग नावाचा एक आडदांड गडी होता, त्याला उभं केलं. हात पुढे सरळ करायला सांगितला आणि मनगटाला वाळूची बादली अडकवली. बजरंगने थोडा वेळ रुबाब केला, मग त्याचा चेहरा लाल झाला.

"कुठं ओढायलंय?"

"हितं. खांद्याच्या वरून."

"खाली?"

"खाली न्हाई ओढत. खाली दाबतंय."

"गॅलरी म्हणजे असाच हात. एका बाजूला भिंतीत धरलेली, दुसऱ्या बाजूला काही नाही. ताण वर आला. मग सळई कुठं?"

"वर," सगळे हसत म्हणाले. बजरंगने बादली खाली आपटली, वाळू सांडली, आणखी हसू झालं.

ज्ञानेश्वरी हसली नाही. तिने हात वर केला. "मॅडम, खाली टाकली तर?"

"तर नसल्यासारखीच."

"मंग पडती का?"

"लगेच नाही पडत. काँक्रीटही थोडा ताण धरतं. रिकामी असली तर वर्ष दोन वर्षं राहीलही. माणसं दाटीनं उभी राहिली, की जाते. अन् आधी सांगत नाही."

वर्ग सुटल्यावर हौदाजवळ मी हात धूत होते, तिथे ती आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, म्या बांधलेली गॅलरी उलटी हाय."

मग सगळं सांगितलं. आश्रुबा मिस्त्री सळ्या वरच बांधत होता. तिने विचारलं, वर कामून? तो म्हणाला, आमचा उस्ताद वरच बांधायचा. ती म्हणाली, ताण तर खाली येतो, सळई खाली पाहिजे. तिने त्याला पट्टी वाकवून दाखवली. मी फोम दाखवते तसं. आश्रुबाला आपलं कारण सांगता आलं नाही आणि तिला तिचं सांगता आलं. शेजारी मन्मथअप्पांचा मुलगा मल्लेश उभा होता, तो म्हणाला, पोरगी शिकलेली आहे, ती म्हणती तसं करा. आश्रुबाने विडी पेटवली आणि म्हणाला, कर बाई तुझ्या मनानं. तिने सगळ्या सळ्या खाली घेतल्या, एकेक गाठ स्वतः पिळली. दुसऱ्या दिवशी स्लॅब ओतला आणि सगळ्यांना मटणाऐवजी पुरणाचं जेवण मिळालं, लिंगायताचं घर म्हणून.

मी तिला म्हटलं, "आत्ता हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू सांगितलंस तर चारठाण्यात तुला पुन्हा कुणी काम देणार नाही. माहीत आहे ना?"

"हाय माहीत," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या यष्टीनं जाऊत का?"

मन्मथअप्पा दुकानात गादीवर बसले होते. लग्नसराई, दुकान भरलेलं, बाहेर चपलांचा ढीग. मी वर पाहिलं. गॅलरी झाली होती, विटांचा कठडा, त्यावर ग्रॅनाइट, खाली पांढरा रंग. टेकू केव्हाच काढलेले. मी वर जाऊन पाहिलं. भिंत आणि गॅलरी जिथे मिळतात तिथे टाइलच्या सांध्यात केसाएवढी भेग होती. ती भेग नुसती टाइलचीही असू शकते. खात्री करायची तर तिथे फोडून बघायला हवं.

अव्वा तिथेच दाराशी पाटावर बसल्या होत्या, नव्वदीच्या, हलक्याफुलक्या. रोज सकाळी पूजा करून त्या गॅलरीत रस्ता बघत बसायच्या. मला म्हणाल्या, "कुणाची ग तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "आपल्यातलीच हायेस," त्या म्हणाल्या, आणि ज्ञानेश्वरीलाही विचारलं, "अन् तू?" ज्ञानेश्वरी म्हणाली, "म्या हितं कामाला होते, अव्वा."

अप्पांनी आश्रुबा मिस्त्रीला बोलावून घेतलं. गिऱ्हाइकांसमोरच ज्ञानेश्वरीने सांगितलं. तिने काही गाळलं नाही. आश्रुबाने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "अप्पा, म्या वरच बांधलंय. तीस वर्सं झाली धंद्याला. पोरीला काय याद हाय कुणास ठाऊक."

"मिस्त्री, तुमी समोर उभे व्हते की," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"म्या सांगायलोय न्हवं, वरच हाय."

त्याचं मला कळत होतं. त्याचंही नाव पणाला लागलं होतं. कळत होतं म्हणून राग कमी झाला नाही. मी अप्पांना म्हटलं, भांडण कशाला, वीतभर टाइल काढून फोडून बघू. वर सळई सापडली तर तिचं चुकलं. नाही सापडली तर गॅलरी पाडायची. तोवर खालून बल्ल्यांचे टेकू लावा आणि वर कुणाला जाऊ देऊ नका.

"दुकानासमोर बल्ल्या?" अप्पा म्हणाले. "सराईच्या दिवसांत? अनुपमा, तू आपल्यातली असून त्या मजुरणीचं ऐकून आमचं नवं घर फोडाया निघालीस?"

"अप्पा, ती खरं सांगायलीय. खोटं सांगून तिला काय मिळणार?"

माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, सराई संपू दे, मग बघू. तोवर गॅलरीच्या दाराला कुलूप लावतो. मल्लेशने माझ्यासमोर कुलूप लावलं. मी ग्रामपंचायतीतही गेले. तिथे ऐकून घेतलं आणि खासगी घर आहे म्हणाले. परतीच्या बसमध्ये ज्ञानेश्वरीने विचारलं, "कुलूप हाय म्हणल्यावर ठीक हाय न्हवं?" मी हो म्हटलं. मला खरंच ठीक वाटलं होतं.

कुलूप लावताना अव्वांचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

दहा-बारा दिवसांनी समाजाच्या ग्रुपवर निरोप आला. चारठाण्याच्या चन्नबसम्मा लिंगैक्य झाल्या, दुपारी अंत्ययात्रा. वर्ग चालू होता. मी निरोप वाचला आणि ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ती उठली. बजरंगच्या मोटारसायकलवर आम्ही दोघी मागे बसून गेलो. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता.

घरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाच्या ओट्यावर, बरोबर गॅलरीखाली, अव्वांना बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात रुद्राक्ष, हातात लिंग, नवी साडी. टाळ वाजत होते, भजन चाललं होतं. शिवाचार्य येऊन गेले होते. डोली झेंडूने सजवून समोर ठेवलेली. मी वर पाहिलं. गॅलरीचं दार उघडं होतं. आत टोपली भरून बेल दिसत होता आणि दारामागे बायकांची दाटी. अजून कुणी बाहेर आलं नव्हतं. डोली उठायची वाट बघत होत्या.

मी मल्लेशला गाठलं. त्याचे डोळे सुजले होते. "कुलूप काढलं तुम्ही," मी म्हटलं.

"ताई, तिची एवढी एकच इच्छा होती. पाच मिनिटांचं काम हाय."

"पाच मिनिटांतच पडते ती. खाली अव्वा आहेत, माणसं आहेत. वर किती जणी जाणार?"

"आता? आता कसं सांगू मी त्यान्ला? अप्पांना सांगू का?" तो रडायला लागला. मी अप्पांकडे वळले, पण ते आईच्या पायाशी बसले होते आणि मध्ये माणसांची भिंत होती. तेवढ्यात मला दिसलं की ज्ञानेश्वरी माझ्याजवळ नाही.

ती जिन्यात होती. मी धावत वर गेले. मी पोचले तेव्हा ती गॅलरीच्या दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून, तोंड घराकडे करून. समोर घरच्या लेकी-सुना, लग्न होऊन गेलेल्या आत्या, नाती, काखेत लेकरं. सगळ्यांत पुढे अप्पांच्या पत्नी वैजयंतीकाकू, हातात बेलाची टोपली.

"बाजूला व्हय," काकू म्हणाल्या.

"काकू, म्या ही गॅलरी चुकीची बांधली. म्याच बांधली. तुमी गेलात तर पडती."

"कोण ग ही?" मागून कुणीतरी विचारलं.

"मजुरीन हाय. आश्रुबाकडची."

"मैताच्या घरी काय तमाशा लावलाय?"

खाली शिंग वाजलं. डोली उचलायची वेळ झाली होती. काकूंनी तिच्या दंडाला धरून ओढलं. ती हलली नाही. मग काकूंनी तिच्या तोंडात मारली. हातातली टोपली कलंडली आणि बेल जमिनीवर पडला. सगळ्या एकदम थबकल्या, कारण पडलेल्या बेलावर पाय कुणी द्यावा? मी त्या थबकण्यात पुढे घुसले आणि ज्ञानेश्वरीच्या शेजारी दारात उभी राहिले. "ती खरं सांगायलीय," मी म्हटलं. "मी इंजिनियर आहे. या गॅलरीत दहा माणसं उभी राहिली तर ती खाली पडेल, अव्वांवरच पडेल." माझा आवाज मलाच परका वाटत होता.

काकू आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी अजून विसरलेले नाही. तो राग असता तर सोपं होतं. सासूचं शेवटचं काम आपल्या हातून गेलं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. खालून हरहरचा गजर झाला आणि डोली उठली. बायका खिडक्यांकडे धावल्या. खिडक्यांना डास नको म्हणून पक्की जाळी बसवलेली होती. एका पोरीने जाळीतून बेलाचं पान ढकलायचा प्रयत्न केला, ते अर्ध्यात अडकलं.

अव्वा बेलाशिवाय गेल्या. गॅलरी जशीच्या तशी राहिली.

तेरवी झाल्यावर अप्पांनी स्वतःहून मला बोलावलं. चेहरा बसलेला होता. "फोड आता," म्हणाले. खालून बल्ल्या लावल्या, मजुराने टाइल काढली, छिन्नीने भिंतीलगत फोडलं. वर काही नव्हतं. आणखी खोल गेल्यावर अगदी तळाला सळ्या दिसल्या, नीट ओळीत, एकेक गाठ घट्ट. इतकं सुबक काम मी त्या तालुक्यात क्वचित पाहिलंय. अप्पा बराच वेळ वाकून बघत होते. मला वाटलं, आता ते तिचं नाव काढतील, तिने किती जणींचा जीव वाचवला ते म्हणतील. ते म्हणाले, "एवढं सगळं त्या पोरीमुळं."

आश्रुबा हजर होताच. त्याने लगेच बाजू बदलली. म्हणाला, म्या वरच बांधलं व्हतं, चहाला गेलो तवा तिनं खाली घेतलं. हे अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्याला गावात फार लवकर पाय फुटतात. गॅलरी पाडायचं आणि नवी बांधायचं काम अप्पांनी त्यालाच दिलं. सळ्या बांधल्यावर त्याने मला फोन केला, मॅडम, एकदा येऊन बघता का, भिंतीत किती आत घ्यायची? मी गेले. बघितलं, सांगितलं, परत आले. काम बरोबर होणं महत्त्वाचं, माणूस कसा आहे ते नाही, असं मी स्वतःला बसमध्ये समजावत होते आणि दातओठ खात होते.

ज्ञानेश्वरीचा कोर्स पूर्ण झाला. परीक्षेत ती पहिली आली. परीक्षक छत्रपती संभाजीनगरहून आला होता, त्याने तिला गॅलरीचाच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून मान डोलावली. मग मी तिच्यासाठी फोन करायला बसले. पोखर्णीचे बन्सीधर ठेकेदार माझ्या ओळखीचे, चांगला माणूस. म्हणाले, "ती गॅलरीवाली का? न्हाई मॅडम, लोक घराला हात लावू द्यायचे न्हाईत." जिंतुरातल्या दोघांनीही तेच नाव घेतलं. गॅलरीवाली. तीन तालुक्यांत तिला या एका नावाने ओळखत होते. कुणी म्हणे तिने गॅलरी पाडली, कुणी म्हणे गॅलरी पडून म्हातारी गेली. पडलीच नाही, असं मी सांगितलं की लोक म्हणायचे, मग एवढा बोभाटा कशाला केला?

हाच तो मुद्दा होता. काही पडलं नाही, म्हणून काही होणार होतं यावर कुणाचा विश्वास बसला नाही. दहा-बारा बायका चारठाण्यात आज जिवंत आहेत, बाजार करतात, भांडतात, नव्या गॅलरीत कपडे वाळत घालतात, आणि त्यांच्या लेखी ज्ञानेश्वरी म्हणजे अव्वांची डोली नासवणारी बाई. मला चीड येते. एकदा तर असंही मनात आलं की रिकामी असताना एखाद्या रात्री पडली असती तर काय बिघडलं असतं.

पावसाळाभर ती रोजाने खुरपायला गेली. झुंबरबाई आता जागेवरच होती. पोरीला सांभाळणं सोडा, तिला पाणी द्यायला कुणीतरी लागायचं. झुंबरबाईला तिच्या माहेरी, भावाकडे ठेवायचं ठरलं. दिवाळी झाली आणि मुकादम आला.

ते जिंतूरहून निघाले त्या दिवशी सकाळी मी बसस्टँडपलीकडच्या मैदानात गेले. ट्रक भरत होता. गाद्या, पत्रे, पाण्याचे ड्रम, कोंबड्यांचे खुराडे, वर माणसं. व्यंकटी गाठोडी चढवत होता. त्याने मला रामराम केला आणि मग नजर दुसरीकडे वळवली. ज्ञानेश्वरी वैष्णवीला पुढ्यात घेऊन चाकाच्या सावलीला बसली होती. पोरीने शाळेचा गणवेश घातला होता. दुसरा धड कपडा नव्हता म्हणून.

"वैष्णवीचं नाव पटावरून काढू नका म्हणून मी शाळेतल्या बाईंना सांगितलंय," मी म्हटलं. "आल्यावर परत बसेल वर्गात."

"बरं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "मॅडम, ती गॅलरी पडली असती, बाया मेल्या असत्या, तर मला जेल झाली असती न्हवं?"

"झाली असती. तुला आणि आश्रुबालाही."

"तिथं लेकरू संगं ठेवू देत्यात का?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच माहिती पाहिजे होती. "सहा वर्षांचं होईपर्यंत देतात," मी म्हटलं.

"अन् शिकवत्यात?"

"बालवाडी असते म्हणतात."

तिने मान हलवली. मुकादमाने हॉर्न वाजवायला लावला. ती उठली, पदर खोचला, चाकावर पाय देऊन ट्रकच्या फळीवर चढली आणि वरून हात खाली केले. मी वैष्णवीला उचललं आणि तिच्याकडे दिलं.